दहापटीवरचा प्रोब

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा रेडिओ, अॅम्प्लिफायर आणि मापनयंत्रांची दुरुस्ती, बाजारात ‘स्कोपवाले’ म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या हाताने लिहितो. अक्षर वाकडे दिसेल. तो हाताचा कंप आहे, डोक्याचा नाही. तसे डॉक्टरीणबाईंनी तपासून सोबतच्या कागदावर लिहून दिले आहे. माझी फुप्फुसे आता कामातून गेली आहेत. किती महिने उरले तेही बाईंनी सांगितले, पण तो आकडा मी इथे लिहीत नाही. मी सांगितलेल्या आकड्यावर कोणी डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे सांगण्यासाठीच हा कागद आहे.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. वकीलसाहेब म्हणाले, “मालमत्तेपुरतं लिहा, बाकीचं मनात ठेवा.” बाकीचे चोवीस वर्षे मनातच ठेवले आहे, त्याने कोणाचे भले झालेले नाही.

कलम एक. बँकेतली ठेव, जी काही असेल ती, माझ्या मुलाला मिळावी. तो मोबाइल विकतो आणि माझ्या दुकानाला ‘म्युझियम’ म्हणतो. त्याची आई गेल्यावर त्याने मला सहा महिने आपल्याकडे ठेवून घेतले आणि मी तिथे रोज जेवणात मीठ कमी असल्याची खोड काढली. तो एकदाही उलटून बोलला नाही. हे त्याला तोंडावर सांगायचे राहून गेले.

कलम दोन. दुकानाचा गाळा भाड्याचा आहे, तो मालकाला परत करावा. पकडी, सोल्डरिंगची हत्यारे, सुट्या भागांचे डबे तंत्रशाळेला द्यावेत. डब्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र काढू नयेत, त्या लावायला माझी तीन वर्षे गेली. लोखंडी शिडी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला द्यावी. त्याचा बोर्ड वीस वर्षे माझ्या खिडकीवर आडवा आला आहे आणि दर वेळी तो म्हणतो, “काढतो हो, शिडी मिळाली की काढतो.” आता मिळाली. दुसऱ्या बाजूच्या गाळ्यातल्या घड्याळवाल्याला काही ठेवलेले नाही, कारण तो या कागदाचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला देऊ नये असे वकील म्हणतात. माझे चांगले भिंग तो आधीच घेऊन गेला आहे.

कलम तीन. स्कोप, म्हणजे वीज पडद्यावर रेघ करून दाखवणारे माझे मापनयंत्र, त्याचे दोन प्रोब, म्हणजे मोजायच्या जागी टेकवायच्या मुठीच्या सळया, आणि माहितीपुस्तक माझ्या पुतणीला द्यावे. हा स्कोप मी आणि माझ्या धाकट्या भावाने बंद पडलेल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून जुना म्हणून घेतला आणि दोघांनी मिळून जिना चढवून वर आणला. पुतणी त्याचीच मुलगी. ती दवाखान्यांची यंत्रे दुरुस्त करते आणि तिच्या हातात माझ्यापेक्षा जास्त सफाई आहे. तरीही सूचना लिहितो.

पोरी, चालू केल्यावर त्याला वीस मिनिटे तापू दे. व्होल्टचा मोठा नॉब पडद्यावरचा एक उभा चौकोन किती व्होल्टचा ते ठरवतो. त्याच्या मधोमध बसवलेला लहान लाल नॉब उजवीकडे टक् असा आवाज येईपर्यंत फिरवलेला असला पाहिजे, नाहीतर मोठ्या नॉबवरचे आकडे खोटे. हा टक् आता झिजला आहे, बोटाला नीट लागत नाही, म्हणून मी पांढरा ठिपका दिला आहे. प्रोब आधी स्कोपच्याच चाचणीच्या खुंटीला लाव आणि पडद्यावरच्या चौकोनी लहरीचे कोपरे सरळ होईपर्यंत त्याचा बारीक स्क्रू फिरव. अनोळखी जागी नॉब सगळ्यात मोठ्या आकड्यावर ठेवून सुरुवात कर, मग एकेक पायरी खाली ये.

आणि प्रोबच्या मुठीवर एक सरकती कळ आहे. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दहा. दहावर असली की प्रोब विजेचा दहावा हिस्साच आत सोडतो, म्हणून पडद्यावर जे दिसेल त्याला दहाने गुणायचे. नवी यंत्रे हे स्वतः ओळखतात. आपला स्कोप ओळखत नाही. माणसालाच मान वाकवून कळीकडे बघावे लागते. हे सगळे तुला येते, मला ठाऊक आहे. तरी लिहिले, कारण मलाही येत होते.

कलम चार. माझे राहते घर, दोन खोल्या आणि मागची गच्ची, माझ्या भावजयीला, म्हणजे धाकट्याच्या बायकोला मिळावे. मुलाने यावर हरकत घेऊ नये. घर का देतो ते खाली लिहितो आणि हे कलम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे अशी माझी अट आहे.

चोवीस वर्षांपूर्वी एका सोमवारी, अकराच्या सुमाराला, आमच्या टेबलावर एका सभागृहाचा जुना व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर उघडा होता. प्लग काढलेला होता. पण प्लग काढला तरी अशा यंत्राच्या पोटातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती हळूहळू उतरवणारा एक रेझिस्टर असतो. तो जळालेला होता आणि आम्हा दोघांना त्याचा पत्ता नव्हता. मी प्रोब टेकवला. नॉब दहा व्होल्टला एक चौकोन असा होता. रेघ चार चौकोन वर गेली. मी म्हणालो, “चाळीस उरलेत.”

ते चारशे होते. कळ दहावर होती. धाकट्याने ती सकाळीच दहावर नेली होती, कारण एवढ्या व्होल्टला तसेच करायचे असते. मी एरवी रेडिओच्या कामाला ती एकवर ठेवायचो आणि सवयीने एकच धरून चाललो. मूठ माझ्या हातात होती. कळ माझ्या अंगठ्याखाली होती.

त्याने विचारले, “दादा, चाळीस नक्की ना? घालू हात?”

मी म्हणालो, “घाल रे, किती भितोस.”

तो जागीच गेला.

दुसऱ्या दिवशी सरकारी वीज तपासनीस यायच्या आधी मी दुकान उघडले, प्रोब उचलला आणि ती कळ एकवर सरकवली, म्हणजे त्या यंत्राला प्रोब लावलाच नव्हता असे दिसावे. पोलिसांच्या जबाबात लिहून दिले की मी पाठमोरा होतो आणि भावाने न विचारता आत हात घातला. भेटायला येणाऱ्यांना म्हणालो, “तो तसा वेंधळाच होता हो.” हा शब्द मी बोललो. मग तो नातेवाइकांत फिरला आणि पुतणीला येऊन चिकटला. पाच वर्षांची पोर, तिच्या हातून पेला पडला तरी कोणीतरी म्हणायचे, “बापावर गेली आहे.” मी त्याच पंगतीत बसून जेवत होतो. एकदाही घास हातातच राहिला नाही.

माझा भाऊ वेंधळा नव्हता. त्याच्याइतके जपून काम करणारा माणूस मी पाहिला नाही. वेंधळा मी होतो आणि नंतर भित्राही झालो. मूळ जबाब खोटा असल्याचे माझ्या सहीचे पत्र सोबत जोडले आहे, ते पोलीस ठाण्यात द्यावे.

कलम पाच. वरची चार कलमे परवा लिहिली. हे आज लिहितो.

काल घड्याळवाला साक्षीदार म्हणून सही करायला आला. कलम चारपर्यंत वाचले आणि त्याने पेनाला टोपण लावले. म्हणाला, “मी नाही सही करणार. तू मेल्यावर हे वाचायचं आणि त्या बाईने मग जाब कोणाला विचारायचा? तुझ्या फोटोला?” मी म्हटले, माझ्याने होणार नाही. तो म्हणाला, “मग मर तसाच.” आणि निघून गेला. आमची चाळीस वर्षांची ओळख आहे.

आज दुपारी मी भावजयीला बोलावून घेतले. ती खुर्चीवर बसली नाही, दाराशीच उभी राहिली. मी कलम चार वाचून दाखवले. मध्ये दोनदा खोकल्याने थांबलो, तेव्हा ती नुसती वाट बघत राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली, “त्यांनी विचारलं होतं?”

“हो.”

“परत वाचा तेवढं.”

मी परत वाचले. मग ती खाली बसली, जमिनीवरच.

“त्या दिवशी सकाळी मी भांडले होते त्यांच्याशी,” ती म्हणाली. “काही कारण नव्हतं हो. पडदे धुवायचे राहिले होते, त्यावरून. नको नको ते बोलले. ते डबा न घेताच गेले. मग तुम्ही सांगितलंत की न विचारता हात घातला. मला वाटलं, डोकं ठिकाणावर नसणार, माझंच बोलणं घोळत असणार डोक्यात. म्हणजे मीच...” वाक्य तिथेच सोडून म्हणाली, “चोवीस वर्षं, भाऊजी. एक दिवस चुकला नाही.”

हे मला माहीत नव्हते. मला वाटत होते, मी फक्त मेलेल्या माणसाचे नाव खराब केले आहे. या बाईचे काय झाले असेल हे मी कधी विचारलेच नाही आणि तिच्या हातचा चहा पीत राहिलो. मी तिची माफी मागितली. तिने दिली नाही. ती मागायला मला तोंड नव्हते.

घराचे विचारले, तर म्हणाली, “नको मला.” म्हणून कलम चारमधले घर तिच्याऐवजी पुतणीच्या नावे व्हावे, तीही नको म्हणाली तर विकून येईल ते तंत्रशाळेला द्यावे. पुतणीला मीच सांगतो म्हणालो, तर भावजय उठून उभी राहिली. “तिला मी सांगेन. तिच्या बापाचं नाव तुमच्या तोंडून नको आता.” पोलिसांना द्यायचे पत्र तिने माझ्या हातून घेतले, उद्या ती स्वतः देणार आहे. स्कोप घ्यायचा की भंगारात घालायचा, हे पुतणीने ठरवावे.

भावजय निघाली. उंबऱ्याशी चप्पल घालता घालता थांबली. माझ्याकडे तिने पाहिले नाही, माझ्याशी बोलत होती असेही वाटले नाही.

“म्हणजे त्यांचं लक्ष होतं,” ती म्हणाली. “कामावरच लक्ष होतं त्यांचं.”

एवढे लिहून, पुन्हा वाचून, एकही शब्द न खोडता मी खाली सही करतो. कोणी दडपण आणलेले नाही. आणायला कोणीतरी फार आधी हवे होते.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : अकरा मार्च, सायंकाळी साडेपाच

सही : मृत्युपत्र करणारा, मयताचा थोरला भाऊ

साक्षीदार :
१. घड्याळवाला, शेजारचा गाळा. सर्व पाने वाचली. काल नकार दिला होता, आज सही केली.
२. डॉक्टरीणबाई. सही करणारा शुद्धीवर आहे, हे पाहिले.