दोन्ही टाक्या भरलेल्या

३ मार्च
आलो एकदाचा! डांबराची धावपट्टी, पत्र्याची शेड आणि शेडमध्ये माझं चार आसनी विमान. माझं म्हणजे मालकांचं. पण उडवणार मी, तेव्हा माझंच. खोलीला दोन खिडक्या आहेत आणि नळाला चक्क पाणी. सोळाला बायको येईल. तिला सातवा लागलाय, डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिलाय. तोवर पडदे लावून ठेवायचेत.

५ मार्च
इथला मिस्त्री वल्ली आहे. इंधनाच्या काट्यावर त्याचा काडीचा विश्वास नाही. वैमानिकाने स्वतः विमानावर चढायचं, दोन्ही टाक्यांत लाकडी काठी बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं, मगच उड्डाण. सासऱ्याने जावई पारखावा तसा तो खाली उभा राहून बघत होता. वर, दर अर्ध्या तासाने इंजिन दुसऱ्या टाकीवर घ्यायचं हेही मलाच शिकवलं! पंधरा वर्षं उडवतोय, म्हटलं. तर म्हणाला, उडवतं कुणीही साहेब, उतरायचं बघा.

९ मार्च
काठीचा कंटाळा आला. काटे अगदी ठणठणीत आहेत.

१२ मार्च
मालकांना आणायला निघायला उशीर झाला. मिस्त्रीने शेडमधूनच विचारलं, काठी बुडवली का? बुडवली म्हणालो, दोन्ही टाक्या भरलेल्या. धडधडीत खोटं. काटे तसंच दाखवत होते.

हे वरून लिहितोय. पंधराशे फुटांवर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. दुसऱ्या टाकीवर घेतलं, तीही कोरडी. पुढचा पंखा थांबला. धावपट्टीकडे वळून नाक खाली केलं. विमान खाली जात नाही. उंचीचा काटा पंधराशेवरच. धावपट्टी इथे, पायाखाली आहे. मी घाबरलोय.

१३ मार्च
रात्र गेली, दिवस उजाडला. तहान नाही, भूक नाही. रेडिओवर एकदाचा मिस्त्री सापडला. घसा फोडून सांगितलं. तो वैतागला, म्हणाला, थट्टा पुरे. वैमानिक साहेब कालच उतरले, आत्ता समोर काठी बुडवताहेत.

१४ मार्च
दार उघडत नाही. काचेवर लाथा घातल्या. पाय दुखतसुद्धा नाही —

१५ मार्च
इतक्या उंचीवरून दिसायला नको, पण सगळं दिसतं. खाली तो फिरतोय. माझी टोपी, माझी चाल. दोन्ही टाक्या नीट तपासतो. मिस्त्री त्याच्यावर खूश आहे. खोलीला पडदे लागले —

१६ मार्च
टॅक्सी आली. ती उतरली, कमरेवर हात ठेवून. तो धावला — नको, अगं, जाऊ नकोस त्याच्या — रेडिओ कुणी उचलत नाही —
तिच्या हातातली पिशवी घेतली त्याने. ती हसली. तो मी नाही, हे ओळखलं नाही तिने. माझी बायको आहे ती, माझं —
त्याने तिच्या पोटावर हात ठेवला. मग मान वर केली, थेट माझ्याकडे, आणि मला हात हल—