पडद्यावरचा बाण

प्रिय खटपट्या,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने उतरला आहे, त्याचा फार आनंद मानून घेऊ नकोस. फोनवर माझा आवाज चढला की तू ‘बाबा, नंतर बोलू’ म्हणून मोकळा होतोस. पत्राला तसं करता येत नाही. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाच आणि मग खुशाल फाड.

तू चार दिवसांसाठी आलास तेव्हा आईला अर्धांगाचा झटका येऊन पाच महिने झाले होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं जवळजवळ बंद, दिवसभराची सोबत काय ती टीव्हीची. डाव्या हाताने ती रिमोटची जाडजूड बटणं दाबायची. या घरात कुणाला न विचारता तिला करता येईल असं तेवढं एकच काम उरलं होतं. पहिल्याच दिवशी तू तो केबलचा डबा काढलास आणि रिमोटसकट केबलवाल्याला परत देऊन आलास. का, तर जुना झाला. त्याच्या जागी कपाटात कॉम्प्युटर बसवलास, त्याला तो पुस्तकाएवढा ट्यूनर जोडलास, त्यात केबलवाल्याचं कार्ड सारलंस. आता म्हणे केबल थेट कॉम्प्युटरमध्ये येणार, एका वेळी चार-चार कार्यक्रम रेकॉर्ड होणार, जाहिराती आपोआप गाळल्या जाणार. आईला जाहिराती आवडतात हे तुला माहीत होतं का? चारही दिवस तुझं डोकं कपाटात आणि पाठ तिच्या पलंगाकडे. जाताना कपाटाच्या दाराला सूचनांचे सात कागद चिकटवलेस आणि मला वर ऐकवलंस, ‘तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर टीव्हीवालेच.’

टीव्हीवालाच आहे मी. छत्तीस वर्षं दुकानात लोकांचे टीव्ही दुरुस्त केले, त्यावरच तू शिकलास. म्हणून सांगतो, तू गेल्यावर नवव्या दिवशी निम्मे चॅनेल गेले, त्यांत आईचे सगळे. चित्राचे चौकोनी तुकडे व्हायचे आणि मग काळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’. तुला फोन केला तर तू म्हणालास कार्डाची नोंदणी उडाली असेल, केबलवाल्याला बोलवा. केबलवाला आला, कपाटातला तुझा पसारा पाहून हसला आणि म्हणाला, ‘काका, आमचा डबा असता तर बघितलं असतं. हे तुमच्या मुलाचं खेळणं आहे.’ आठवडाभर आई काळ्या पडद्यासमोर बसून होती. शेवटी मी स्टुलावर चढलो. तू केबल एकामागे एक तीन फाटे काढून ट्यूनरपर्यंत आणली होतीस, प्रत्येक फाट्यावर सिग्नल निम्मा होत होता. एका जोडाची पिन तर वाकडीच होती. दुकानात नवख्या कामगाराने असं केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. मी फाटे काढून टाकले, एकसंध वायर ओढली, चित्र लख्ख आलं. त्याच संध्याकाळी तुझा फोन, ‘बघा बाबा, मी इथून अपडेट टाकलं, चालू झालं ना?’ मी ‘हो’ म्हणालो. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तुझी आई बाजूला बसून कान देऊन ऐकत होती आणि तुझा पराक्रम ऐकून तिचा चेहरा असा फुलला होता की मी गप्प बसलो.

आता जे सांगतो ते तुला माहीत नाही. रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तू तिकडून इंटरनेटवरून इथल्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचास. डिस्कवर जागा किती उरली, काय रेकॉर्ड झालं, काय पुसायचं, हे बघायला. त्या वेळी टीव्हीच्या पडद्यावर तो माउसचा पांढरा बाण आपला आपण हलायला लागायचा. पहिल्यांदा मी घाबरलो. आई घाबरली नाही. तिने डावा हात उचलला, बाणाकडे बोट केलं आणि म्हणाली, ‘आला.’ झटक्यानंतर ‘पाणी’ आणि ‘नको’ याखेरीज तिच्या तोंडून शब्द ऐकला नव्हता मी. मग ते रोजचंच झालं. सात वाजले की ती मदतीला येणाऱ्या बाईंना खुणा करून केस विंचरून घ्यायची, साडीचा पदर सारखा करायला लावायची. बाण आला की त्याच्याकडे बघून ओठ हलवत राहायची. काय बोलायची ते मला कधी कळलं नाही, तुला तर ऐकूच येत नव्हतं. पाच मिनिटं तू यादी वर-खाली करायचास आणि निघून जायचास. तेवढ्यावर तुझी आई पोटभर जेवायची.

एक दिवस बाण आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी तुला फोन केला, तर तू खुशीत. ‘बाबा, आता सगळं आपोआप होतं. मी एक प्रोग्राम लिहिलाय, तोच जागा मोकळी करतो. मला रोज बघायलासुद्धा लागत नाही.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, मशीनची तब्येत तू रोज बघत होतास आणि आईला फोन महिन्यातून एकदा! ‘ती बोलत नाही तर फोनवर काय करू’ असं म्हणाला होतास ना? तिला ऐकू येतं, गाढवा. कान शाबूत आहेत तिचे. पण हे सगळं मी गिळलं. स्वाभिमान आडवा आला. मुलाला आईची आठवण मी का करून द्यायची?

अकरा दिवस ती केस विंचरून बसली. बाराव्या दिवशी तिने ताट सरकवलं. तेराव्या दिवशीही. मग मी जे केलं त्याची मला लाज वाटते, आणि ती लाज मी तुझ्या नावावर टाकतो आहे. तू ठेवून गेलेला बिनवायरचा माउस घेऊन मी तिच्या मागे जेवणाच्या टेबलाशी बसलो, समोर वर्तमानपत्र धरलं आणि साडेसातला बाण हलवला. ती म्हणाली, ‘आला.’ आणि जेवली. तेव्हापासून दोन महिने, वीस दिवस मी रोज संध्याकाळी तू होतो आहे. छत्तीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला फसवलं नाही, आणि या वयात बायकोला फसवतो आहे.

असं मला वाटत होतं. काल साडेसातला मी वर्तमानपत्र उघडलं, तेवढ्यात तिने मान न वळवता डाव्या हाताने शेजारची खुर्ची थोपटली. मी जाऊन बसलो. तिने माझ्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, माउस काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझा बाण सरळ सुटायचा, माझा हात कापतो, त्यामुळे माझा बाण थरथरत जातो. एवढं तर कुणालाही कळलं असतं. मग ‘आला’ का म्हणायचीस, असं मी विचारलं. तिने माझ्या गालाला हात लावला. माझ्यासाठी म्हणत होती रे ती. म्हातारा एवढी धडपड करतो आहे तर करू दे, म्हणून जेवत होती. मग तिने टेबलावरच्या पेनाकडे बोट दाखवलं आणि नव्याने फुटलेला एक शब्द मोठ्या कष्टाने काढला. ‘लिही.’ म्हणून लिहितो आहे, नाहीतर मी तुला आयुष्यात पत्र पाठवलं नसतं. मशीन बंद केलं आहे, डबा परत आणला आहे. तुला त्यातलं काही दुरुस्त करायचं नाही. फक्त ये. सुट्टी मिळत नाही हे मला सांगू नकोस, तिच्यासमोर बसून तिला सांग.

तुझाच, आणि राग अजून तसाच असलेला,
बाबा