चिंचोक्याची खळ

३ डिसें.
शहरात, छावणी भागातल्या या खोलीत महिना झाला. चराईच्या भांडणात माळावरचं आमचं पाल जाळलं, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, घोंगडं उचललं. मी ही वही. नवरा मेंढरांमागं तिथंच. काल पुन्हा दगडफेक झाली म्हणे. आपण इथं सुखरूप, याचीच लाज वाटते.

५ डिसें.
गुलमंडीमागच्या सुलताना आपांनी हिमरूच्या, मऊ रेशमी विणीच्या, सहा शाली दिल्या. कडेला गोंडे वळायचे. "ये जमा तो काम पक्का, बेटा." जमायलाच हवं. नाहीतर परत माळावर...
दुपारी वळता वळता डोळा लागला. गुलमंडीतून मेंढरं चाललेली, कापडाच्या दुकानांपुढून, अगदी सावकाश. खुरांचा आवाजच नाही. कुणी हाकलतही नव्हतं.

९ डिसें.
घात झाला. मी पाण्याला गेले तेवढ्यात आत्यांनी चिंचोके शिजवून खळ केली, दोन शालींना चोपडली. घोंगड्याला लावतात तशी. उन्हात वाळून शाली पापड.
"लई लिबलिबीत व्हत्या गं. खळीबिगर पांघरूण असतं व्हय?"
मी ओरडले. पाल जळताना ओरडले नव्हते एवढी. आत्या लुगड्याला हात पुसत बसल्या. मग मलाच रडू आलं.

१० डिसें.
दोनदा धुतल्या. एकीची खळ सुटली, एकीची नाही. आपांकडं खोटं बोलणार होते, जमलं नाही. त्यांनी कडक शाल वाकवली, वास घेतला.
"अम्मा करे क्या?"
हो म्हणून मान हलवली.
"सोच को बोलती मैं. सोमवार को आना."
शाल ठेवून घेतली.

१२ डिसें.
नवऱ्याचा फोन. "मिटलंय म्हणत्यात. या आता." मागं आरडाओरडा.
"कोण ओरडतंय?"
"कोन नाय."
फोन कट. आत्यांनी गाठोडं बांधून दाराशी ठेवलं.

१४ डिसें., रवि.
उद्या सोमवार. दुपारी पुन्हा मेंढरं आली, या वेळी आमच्या दाराशी थांबली. जाग आली तर गाठोडं सुटलेलं. आत्या घोंगड्याच्या कडेचा धागा धरून बसलेल्या.
"दाव बरं, कसा वळत्यात त्यो गोंडा."
दाखवला. त्यांचे पहिले सहा वाकडे.
"त्या बाईनं नाय म्हनलं तर?"
त्या सातवा वळत होत्या, बराच सरळ येत होता.
गाठोडं दाराशीच आहे. अर्धं सुटलेलं.