साहेब, तुम्ही वाचा

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
तुळजापूर, १९ जून १९४४

ती. गुंडप्पा भाऊजी व महादेवी अक्का यांस,
पंचाक्षरीचा सा. न. वि. वि.

तुमची शिवकांता माझ्या घरी आणि माझ्याच शाळेत रुळली. जेवते दोघांचं, बोलते चौघांचं. वाचताना मात्र गाडं अडतं. 'घर'चं 'रघ' होतं. अक्षरं मुंग्यांसारखी चालतात म्हणते. हेडमास्तर म्हणाले, पोरगी मठ्ठ आहे. मी म्हणालो, मठ्ठ पोरीला तुमची नक्कल इतकी हुबेहूब जमली नसती. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. शाळेत शांतता आहे.

सध्या कणकेची अक्षरं करून तिच्याकडून बोटानं गिरवून घेतो. पुठ्ठ्याला खिडकी पाडलीय, तिच्यातून एका वेळी एकच शब्द दिसतो. बाकी धडे मी वाचतो, ती तोंडी उत्तरं देते. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

आपला,
पंचाक्षरी

उमरगा, २ जुलै १९४४

चि. पंचाक्षरीस,
गुंडप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझी अक्का सांगतीय, मी लिहितोय. तिला लिहिता येत न्हाय आणि गप्प बसता येत न्हाय. दुकानात लोक विचारतात, पोरगी काय शिकती? काय सांगू, कणीक मळती? निलंग्याचं स्थळ आलंय. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबानं नापास केलं तर तिला घेऊन येईन आणि दिवाळीनंतर लग्न उरकीन. अक्का म्हणते, मी स्वतः चौथीत दोनदा बसलो तेही लिहा. ते मी लिहिणार न्हाय. पोरीला दहावं सरलं न्हाय म्हणून अक्का रडतीय. हे मात्र लिहितो.

गुंडप्पा

तुळजापूर, २७ सप्टेंबर १९४४

ती. भाऊजी व अक्का यांस, सा. न. वि. वि.

साहेब येऊन गेले. हेडमास्तरांनी बजावलं होतं, पोरीला त्या दिवशी घरी ठेवा. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं. साहेबांनी पुस्तक दिलं. दोन शब्दांत ती अडकली, वर्ग फिदीफिदी हसला. तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, साहेब, तुम्ही वाचा, मग मला विचारा. हेडमास्तर खुर्चीतच बारीक झाले. साहेब हसले आणि खरंच वाचू लागले. तिनं अख्खा धडा तोंडी सांगितला, वर म्हणाली, तुम्ही एक ओळ गाळली. साहेबांनी पाहिलं, गाळली होती. वाचनात नापास केलं, बाकी सगळ्यात पास. वर्ग चढवला आणि पुढंही तिला प्रश्न वाचून दाखवा असा हुकूम दिला.

घरी येताना तिनं विचारलं, मामा, मी मठ्ठ न्हाय ना? मी म्हणालो, साहेबांची चूक धरणारी मठ्ठ कशी असेल?

आपला,
पंचाक्षरी

उमरगा, ८ ऑक्टोबर १९४४

चि. पंचाक्षरीस, अनेक आशीर्वाद.

निलंग्याला नकार कळवला. कारण विचारलं तर म्हणालो, पोरगी शिकतीय. दुकानात येईल त्याला साहेबाची गोष्ट सांगतो. परवापासून माझ्या गोष्टीत साहेबानं अख्खं पान गाळलंय. ती ऐकून शेजारचा बिराप्पा त्याच्या पोरीला, नागूला घेऊन आला. तिलाही अक्षरं उलटीच दिसतात. तिला बापासोबत तुझ्याकडं शिकायला धाडतोय. तू न्हाय म्हणशील म्हणून आधी विचारलं न्हाय. हे पत्र तिच्याच हाती दिलंय. बाप दारातून हटत नसंल, त्याला वाटेला लाव. पोर मोटारीत लई रडली असंल, तिला आधी जेवायला घाल.

तुझा,
गुंडप्पा