चोवीस तासांचा कॅन

प्रिय माय,

तुला जाऊन महिना झाला. पत्रबित्र लिहायचं मनात नव्हतं. पण काल तुझी शेजारीण बिल्किसखाला माझ्या घरी आली, तुझ्या फोटोपुढं बसली अन् ढसाढसा रडत म्हणाली, "बेटा, तेरी माँ के डब्बे में मेरा बी था."

अकरा वर्षं दोघींनी हे पोटात ठेवलंत? गारखेड्यात भिंतीला भिंत लावून राहिलात, वाटीवाटीनं कालवण दिलं-घेतलं, अन् शेवटी हेही?

माझ्या दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्याला तीनदा डायलिसिस सुरू झालं, तेव्हा "माझी घ्या" असं सगळ्यात आधी तूच म्हणालीस. तुझ्या रक्तात क्रिएटिनिन कमी निघालं. म्हणजे किडनी ठणठणीत, असं आपण धरून चाललो. डॉक्टर मात्र मान हलवत म्हणाले, "मावशींच्या अंगावर मांसच नाही. क्रिएटिनिन मांसातूनच तयार होतं, म्हणून अशा माणसाचं ते कमीच असतं, त्यावरून काढलेला अंदाज फसवा निघू शकतो. चोवीस तासांची लघवी साठवून आणा."

मोठा पांढरा कॅन घेऊन तू घरी गेलीस. सकाळची पहिली सोडून द्यायची, मग दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी साठवायची, एवढंच काम. पण तुझं गणितच न्यारं! कॅन जितका भरेल तितकी किडनी दमदार. संध्याकाळी बघितलंस तर कॅनमध्ये लघवी तळालाच. मग घातलीस खालाला हाक. अन् ती काय मागं सरते व्हय? "तेरी बेटी मेरी बी बेटीच है ना," म्हणत गेली न्हाणीघरात. काल हे सांगताना रडता रडता हसत होती बिचारी.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी चष्मा काढला. "चव्वेचाळीस किलोच्या बाईच्या लघवीत एवढं क्रिएटिनिन? हे तर पैलवानाचं झालं! मावशी, खरं सांगा."

तू पदराचं टोक चावत म्हणालीस, "पाणी लई पिले होते, साहेब."

"पाण्यानं लघवी वाढते, मावशी. क्रिएटिनिन नाही वाढत."

मग इंजेक्शन देऊन मशीनखाली तपासणी झाली अन् खरा आकडा आला. दोन्ही किडन्या मिळून तुला एकटीलाच जेमतेम पुरणार होत्या. एक काढली असती, तर पुढंमागं तूच डायलिसिसच्या खाटेवर आली असतीस. डॉक्टरांनी सरळ नकार दिला.

रिक्षात मी तुला काय काय बोलले! "लाज नाय वाटली? मरायची एवढी घाई झालीय का?" तू रस्त्याकडं बघत बसलीस. पुंडलिकनगरला माझ्या दारात उतरताना एवढंच म्हणालीस, "माझं काहीच कामाचं निघालं नाय बघ, पोरी."

पुढं ह्यांनी मला किडनी दिली, मी उठून कामाला लागले. तू भेटशील तेव्हा जावयाला दोन्ही हात जोडायचीस, अन् हे कसनुसे व्हायचे. त्या कॅनचा विषय मात्र तू काढला नाहीस अन् मीही नाय.

खालानं तिचं कबूल केलं, मग मी का मागं राहू? माय, डॉक्टरांच्या आधी तो रिपोर्ट मी वाचला होता. लॅबच्या पायरीवरच. किडनी किती काम करते त्याचा आकडा शंभराच्या कितीतरी वर! तुझ्या काटकुळ्या हाताकडं बघून मलाही खटकलं होतं गं. पण कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली अन् मनात म्हटलं, चला, सुटले. तुझं काय होईल, हे डोक्यात आलंच नाय.

रिक्षात मी चिडले ते तू खोटेपणा केलास म्हणून नव्हे. तू पकडली गेलीस म्हणून.

तू होतीस तोवर हे सांगायला जीभ रेटली नाय. माफ करशील ना?

हे चितेगावच्या कंपनीत अजून डबल पाळ्या करतात, अन् "मला काय धाड भरलीय" म्हणत तीन वर्षं तपासणी टाळतायत. मीही आग्रह करत नाय, कारण त्यांच्या एका किडनीचा आकडा ऐकायची मलाच भीती वाटते. पण ह्यांच्या तपासणीचा सोमवारचा नंबर आज लावून आलेय. रिपोर्ट हातात आला की घडी घालणार नाय. जो आकडा असेल तो तिथंच, ह्यांच्यासमोर, मोठ्यानं वाचीन. तुझी शपथ, माय.

तुझीच,
रेखा