शेषराव मास्तरांचं न फाडलेलं पोट

मेडशी, १२ डिसेंबर १९७८

आदरणीय दौलतदादांस धाकट्या शेषरावचा सादर जयभीम. वहिनींची कंबर आता कशी आहे? कापूस वेचून झाला का? इकडे आम्ही खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर मी फार थकलो आहे. ऑपरेशननं नव्हे, भेटायला येणाऱ्यांनी.

रक्त पडायला लागलं तेव्हा गावानं मूळव्याध ठरवून टाकली. सुरणाच्या भाजीपासून शेजारच्या खेमानं रानातून आणून दिलेल्या मुळ्यांपर्यंत सगळं पोटात गेलं. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी मला गुडघ्या-कोपरांवर ओणवं केलं (शाळेत मी पोरांना ओणवं उभं करतो; यापुढे करणार नाही) आणि लोखंडी नळी घालून आत पाहिलं. बोराएवढी गाठ निघाली. कॅन्सरच, पण नुकता धरलेला. पोट न फाडता त्यांनी ती खालूनच काढली. आठवड्याच्या आत मी एसटीत उभ्यानं घरी आलो (जागा होती, बसवत नव्हतं).

खरा त्रास इथे सुरू झाला. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला आलेला माणूस बिस्किटाचा पुडा ठेवतो आणि टाके बघतो, तो त्याचा हक्कच. मी सदरा वर केला तर पोट कोरं! मदनसिंगानं (अपेंडिक्सच्या टाक्यांवर गावात मान मिळवून आहे) तोंड वाकडं केलं. "मास्तर, टाके नाई त आपरेशन कायचं? फसवून राह्यला तो डाक्टर तुमाले." नेमकी जागा सांगितली तर बाया उठून गेल्या आणि माणसं सरकून जवळ आली. तेच तेच सांगून जीव मेटाकुटीला आला. मग आमच्या सौ. दुर्गानं माझ्या पोटाला पांढरी पट्टी गुंडाळली, वर लाल औषध ओतलं. "आता पडून राहा अन् कन्हा," म्हणाली. गावाचं समाधान झालं. मदनसिंग तर हळहळत आणखी एक पुडा ठेवून गेला.

पण बातमी वाढतच गेली. शिरपूरला पोचेतो मी बेंबीपासून छातीपर्यंत फाडलेला होतो; तुमच्या जऊळक्यात म्हणे माझं आतडं पिशवीत बाहेर ठेवलं आहे. काल पट्टी सोडली. खाली खाज तेवढी सुटली आहे.

बाकी भेटीत बोलू.

तुमचा,
शेषराव

ता. क. : तुमचंही रक्त पडतं, असा वहिनींचा दुर्गाला निरोप होता. तुम्ही नागपूरला निघणार होतात आणि माझ्या पोटाची बातमी ऐकून थांबलात. दादा, ते सगळं खोटं आहे. तुमची मूळव्याधच असेल, पण दाखवून घ्या. उशीर केला असता तर माझं पोट खरंच फाडावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

पुन्हा ता. क. : सोमवारी मला नागपूरला पुन्हा तपासणीला बोलावलं आहे. मी रविवारीच जऊळक्याला येतो, अकोल्याला गाडी बदलू. कुणी विचारलं तर सांगा, शेषराव एकटा जायला भितो म्हणून सोबत चाललो. ते खोटं नाही, दादा. आई-बाबांमागे मला तुम्हीच आहात.