नावातला रिकामा आकडा

११ फेब्रुवारी २००९

जिना उतरताना खुबा असा दुखला की कठड्याला मिठी मारून उभी राहिले. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई बघत होत्या. म्हटलं, "कठडा रंगवायला झालाय, नाही?" काय पण थाप!

हाडांचे डॉक्टर म्हणतात, सांधा बदलायचा. लेक घरी असल्याशिवाय मी ऑपरेशनच्या टेबलावर चढणार नाही, हे ठरलेलं. फक्त लेकीला अजून सांगितलेलं नाही. ती विमानाच्या अंतरावर — सी प्लस प्लस नावाच्या संगणकी भाषेचे नियम ठरवणाऱ्या कमिटीवर. नियम मंजूर झाले की येणार आहे.

१५ फेब्रुवारी

फोनवर विचारलं, "तुमचं मंजूर कधी होणार?"

"नावातच आहे, आई."

ज्या वर्षी नियम मंजूर होतात, त्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे भाषेच्या नावामागे लागतात. आधीची अठ्ठ्याण्णव, मग शून्य-तीन. नवीचं साल अजून नक्की नाही, म्हणून तूर्त शून्य-एक्स. एक्सच्या जागी येईल तो आकडा.

गणितात मी कच्ची, पण शून्याने सुरुवात म्हणजे फार तर नऊ, एवढं कळतं. डॉक्टरांना डिसेंबर सांगून टाकला. "डिसेंबरच का?" "शून्य-एक्समुळे." त्यांनी माझा रक्तदाब पुन्हा मोजला.

१९ डिसेंबर

नाही झालं.

१ जानेवारी २०१०

शून्य गेलं. लेक म्हणते, नाव खोटं पडलं, पण तोंडात बसलंय, म्हणून सगळे तेच म्हणतात. मी कशाला हसू? केस पांढरे झाले तरी मला माहेरी बेबीच म्हणतात.

"मध्ये चार दिवस येऊन जाऊ का?"

"छे गं, तुझं काम आधी. मी ठणठणीत."

आपल्यापायी कुणाला तोशीस पडू द्यायची नाही, हे कॉन्व्हेंटात सिस्टरांनी घोटून घेतलेलं. वर हसतमुख राहायचं. ठणठणीत बाईला मग खुर्चीतून उठता येईना.

२२ सप्टेंबर

काठी घेतली. वकीलबाईंना सांगितलं, कुत्र्यांसाठी.

"आपल्या गल्लीत कुत्री कुठायत?"

"बघा, काठीचा गुण."

१४ ऑगस्ट २०११

झालं मंजूर! नाव — अकरा. वकीलबाईंना जिन्यातच गाठलं. "सी प्लस प्लस अकरा," मी म्हटलं, जशी काही मीच रात्रंदिवस खपले होते.

"मग दहाचं काय झालं?"

"दहा नाहीच."

"अस्सं," म्हणाल्या, आणि माझ्या काठीकडे बघितलं.

संध्याकाळी लेकीचा फोन. आवाज इतका आनंदी की दहावीच्या निकालाचा दिवस आठवला — दारातच दप्तर टाकून गळ्यात पडली होती. मग म्हणाली, "आई, पुढच्या आवृत्तीसाठीही मला थांब म्हणतायत. तिला तूर्त एक-वाय म्हणतोय."

आता वाय! "आणि तुझं येणं?" हे अगदी ओठांवर होतं. गिळलं.

"छानच की. तुझं काम आधी."

पोपटालासुद्धा दोन-तीन वाक्यं येतात.

२० ऑगस्ट

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. हाड हाडावर घासतंय. आणखी थांबलात तर चालणं विसरा, म्हणाले. पुढचा सोमवार दिला.

"बरोबर कोण असेल?"

मी लेकीचं, कमिटीचं, एक-वायचं सांगायला घेतलं. त्यांनी चष्मा काढला.

"ते सगळं खरं. पण बाई, कोण असेल?"

२१ ऑगस्ट

फोन लावला. तिने हॅलो म्हणायच्या आत बोलून टाकलं — खुब्याचं ऑपरेशन आहे, भीती वाटते, तू ये.

ती म्हणाली, "मला वाटायचं, मी आलेली तुला नकोच असते."